वाचकांचे प्रश्न : शहराचे अर्थशास्त्र आणि नगररचनाकाराची वाट

या सदरासाठी गेल्या अंकात नगररचना या व्यवसायाविषयी प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे विदर्भातील तालुक्याच्या गावांतून आणि खेड्यांतून आली असून त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : महोदय, सप्रेम नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यातून रोज एसटीने महाविद्यालयात जाते. बी.ए.चे शेवटचे वर्ष आहे आणि अर्थशास्त्र हा माझा मुख्य विषय आहे. शहरांचे अर्थशास्त्र शिकून पुढे नगर नियोजनात काम करावे, असे फार मनात आहे. बाबांचे म्हणणे मात्र असे, की आपले सारे आयुष्य पऱ्हाटीत गेले, शहर आपण बाजारापुरते पाहिले, तेव्हा शहराचा अभ्यास शहरातल्या मुलांनी करावा आणि तू आपले बी.एड. करावे. शहरी अर्थतज्ज्ञ नेमके करतो तरी काय, आणि खेड्यातल्या मुलीला ते जमेल काय? (एक विद्यार्थिनी, जि. यवतमाळ)

उत्तर : तुमच्या बाबांना पहिली गोष्ट ही सांगा, की ज्या विचारावर आजचे शहरी अर्थशास्त्र उभे आहे, तो एका शेतीमालकाने स्वतःच्या शेतीच्या हिशेबवह्यांवरून मांडला. योहान हाइनरिश फॉन थ्युनेन हे जर्मनीतील मेक्लेनबुर्ग भागात टेलो येथे शेती करत आणि कोणत्या मालाला बाजारापर्यंत न्यायला किती खर्च येतो, याची बारकाईने नोंद ठेवत. १८२६ मध्ये त्यांनी या नोंदींच्या आधारे दाखवून दिले, की बाजारापासून जसजसे दूर जावे तसतसा वाहतुकीचा खर्च वाढतो आणि त्या प्रमाणात जमिनीचा खंड उतरतो; म्हणूनच दूध आणि भाजीपाला गावाच्या कडेला पिकतो, धान्य त्यापलीकडे आणि गुरांची चराई सर्वांत लांब. पुढे १९६४ मध्ये विल्यम अलोन्सो यांनी बाजाराच्या जागी शहराचा मध्य आणि पिकांच्या जागी दुकाने, कारखाने व घरे ठेवून हाच हिशेब शहराला लावला. तेव्हा शेतकऱ्याच्या मुलीने या विषयात शिरणे म्हणजे परक्याच्या घरात शिरणे नव्हे.

हे पडताळून पाहायला पुण्या-मुंबईला जाण्याची गरज नाही. तुम्ही रोज ज्या बसस्थानकावर उतरता, तेथून बाहेर पडणारा एखादा रस्ता धरा आणि दुकानामागून दुकान विचारत जा : गाळा किती चौरस फुटांचा आहे, भाडे किती आहे, अनामत किती द्यावी लागली. बसस्थानकाच्या तोंडाशी तुम्हाला मोबाइलची दुकाने, औषधालये, रसवंती आणि फोटोकॉपीची टपरी दिसेल. थोडे पुढे कापड आणि भांडी. त्यानंतर कृषी सेवा केंद्रे. आणि वस्ती विरळ होऊ लागली की वेल्डिंगची कामे, ट्रॅक्टरची दुरुस्ती, लोखंडी सळया, विटा आणि रेती. ही क्रमवारी कोणी ठरवून दिलेली नाही. दहा बाय दहाच्या जागेत दिवसाला दोनशे गिऱ्हाइके करणारा दुकानदार चौरस फुटाला जे भाडे देऊ शकतो, ते विटांचा व्यापारी देऊ शकत नाही, आणि म्हणून तो आपोआप मागे सरकतो. दर चौरस फुटाचे भाडे आणि बसस्थानकापासूनचे अंतर यांचा आलेख काढला तर तो उताराचा निघेल. जेथे तो मध्येच उसळी घेतो, तेथे थांबून कारण शोधायचे. बहुधा तेथे बाजार समितीचे आवार, तहसील कार्यालय किंवा मोठे महाविद्यालय असते. शहरी अर्थतज्ज्ञाचे निम्मे काम अशा उसळ्यांची कारणे शोधण्याचे असते.

उरलेले निम्मे काम असे विचारण्याचे, की हे गाव मुळात येथेच का वसले. आपल्या भागापुरते याचे उत्तर कापसात दडलेले आहे. शंभर किलो कापूस वेचून आणला तर त्यातून साधारण एकतृतीयांश रुई निघते, उरलेली बहुतेक सरकी असते. सरकी न काढलेला कापूस लांब नेणे म्हणजे तीनपट ओझे वाहणे, म्हणून जिनिंग, म्हणजे सरकी वेगळी करण्याचे कारखाने, वावरापासून बैलगाडीच्या अंतरावर उभे राहिले. रुईच्या गाठी मात्र आगगाडीने कोठेही जाऊ शकत होत्या. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि कारंज्याला १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, जो देशातील असा पहिला बाजार मानला जातो. वऱ्हाडातील कितीतरी तालुक्यांची गावे या एका हिशेबावर वाढली. नागपूरला १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल काढली, त्यामागेही कापसाची जवळीक हे कारण होतेच. आज जिनिंगची जागा बदलली, माल ट्रकने जाऊ लागला, आणि बसस्थानकाभोवतीची वाढ समृद्धी महामार्गाच्या उतारमार्गाकडे ओढली जाऊ लागली, तर त्या गावाचे काय होईल, हा प्रश्न आजच्या अर्थतज्ज्ञाचा आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी वऱ्हाड माहीत असलेला माणूस लागतो.

आपल्याकडे या कामाची परंपराही आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांचे शालेय शिक्षण नागपूरला झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली संस्थेने पुणे शहराची घरोघर जाऊन सामाजिक-आर्थिक पाहणी केली : कुटुंबात कमावते किती, काम कोणते, घरभाडे किती, कर्ज किती. त्या पाहणीचा पहिला भाग १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. शहराविषयी बोलण्याआधी शहर मोजावे, ही शिस्त तेथे होती, आणि आजच्या कित्येक चकचकीत अहवालांत ती नसते, असे मला वाटते.

आता मार्गाविषयी. बी.ए.नंतर अर्थशास्त्रात एम.ए. करावे आणि त्यात संख्याशास्त्र व अर्थमिती (आर्थिक आकडेवारीचे गणिती विश्लेषण) टाळू नये, कारण पुढे त्यावाचून अडते. त्यानंतर दोन वाटा आहेत. एक, शहरांच्या अर्थकारणावर संशोधन करून पीएच.डी. करण्याची. दुसरी, नियोजनाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेण्याची. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरसारख्या संस्था वास्तुशास्त्र व स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीधरांबरोबरच अर्थशास्त्र, भूगोल किंवा समाजशास्त्रात एम.ए. झालेल्यांनाही या अभ्यासक्रमाला पात्र धरतात. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत वास्तुशास्त्र व नियोजन अशी स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे आणि मानव्यविद्यांच्या प्रश्नपत्रिकेत अर्थशास्त्र निवडता येते. कोणती संस्था कोणती प्रश्नपत्रिका ग्राह्य धरते, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहावे. कोणाच्या ऐकीव माहितीवर, अगदी या सदरावरही, विसंबू नये.

राहिले मुलीला जमण्याचे. क्षेत्रपाहणीत मुलगी असणे ही अडचण कमी आणि सोय अधिक ठरते. भाडे किती, पाणी कोण भरते, रात्री कोणत्या रस्त्याने जायला भीती वाटते, कामाला जाणाऱ्या बाईचा दिवसाचा किती वेळ ऑटोत जातो, या प्रश्नांची खरी उत्तरे घराच्या आतून मिळतात, आणि पुरुष सर्वेक्षकाला बहुधा ओसरीवरूनच परतावे लागते.

प्रश्न : महोदय, आमचे तालुक्याचे गाव ग्रामपंचायतीतून नगरपंचायत झाले. आता विकास आराखडा आला असून माझ्या दोन एकर वावरावर बगिच्याचे आरक्षण टाकले आहे. माझा मुलगा बारावी विज्ञान शाखेत आहे. तो म्हणतो, बाबा, मीच नगररचनाकार होतो आणि हे आरक्षण काढून टाकतो. नगररचनाकाराला असा अधिकार असतो काय? आणि नसेल, तर तो नेमका कशासाठी असतो? (एक शेतकरी, जि. बुलढाणा)

उत्तर : आपल्या चिरंजीवांचा हेतू चांगला असला तरी त्यांची पदवी होईपर्यंत आपल्या हरकतीची मुदत केव्हाच निघून गेलेली असेल, म्हणून आधी मुदतीचे बोलू.

महाराष्ट्रात हे सारे काम महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने चालते. आपण पाहिलेला नकाशा अंतिम नसून प्रारूप असेल, तर त्याच्या नोटिशीत हरकती व सूचनांसाठी साधारण ३० दिवसांची मुदत दिलेली असते. हरकत लेखी द्यावी, गट क्रमांक आणि क्षेत्र लिहावे, सातबारा व मोजणीची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. त्यानंतर लोकप्रतिनिधी आणि तज्ज्ञ मिळून बनलेली नियोजन समिती आपल्याला समक्ष ऐकते. तेथे ‘माझीच जमीन का’ एवढेच म्हणून भागत नाही. बगिच्यासाठी जवळच शासकीय किंवा नगरपंचायतीची जमीन उपलब्ध आहे, किंवा ज्या वस्तीसाठी बगिचा हवा ती दुसऱ्या बाजूला वाढते आहे, असे काही दाखवता आले तर ऐकणाऱ्यांना विचार करावा लागतो. आराखडा अंतिम होऊन दहा वर्षे उलटली आणि जमीन संपादित झाली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. दहा वर्षे वाट पाहण्यापेक्षा ३० दिवसांत धावपळ केलेली बरी.

आता मुलाच्या प्रश्नाकडे. नगररचनाकार एकटा आरक्षण टाकत नाही आणि एकटा काढतही नाही. तो विद्यमान जमीनवापराचा नकाशा तयार करतो, पुढील वीस वर्षांची लोकसंख्या अंदाजतो, शाळा, दवाखाना, बाजार, मैदान यांना किती जमीन लागेल ते प्रमाणकांवरून काढतो आणि प्रस्ताव मांडतो. निर्णय सभागृह, समिती आणि शासन यांच्या हातून होतो. तरीही त्याची पेन्सिल हलकी नाही. नकाशावर पिवळा रंग भरला की जमीन निवासी होते, हिरवा भरला की बगिचा होतो, आणि या दोन रंगांमध्ये एकरी किती लाखांचे अंतर पडते, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे. मला या व्यवसायाविषयी एकच गोष्ट ठामपणे सांगायची आहे, ती येथेच सांगतो : ज्याला आपण ओढलेल्या रेषेची किंमत रुपयांत काढता येत नाही, त्याने ती रेषा ओढू नये.

हे केवळ नीतीचे बोलणे नाही, साध्या गणिताचे आहे. समजा, एका लहान नगरपंचायतीच्या आराखड्यात रस्ते सोडून ३० हेक्टर जमीन आरक्षित झाली आणि तिचा बाजारभाव चौरस मीटरला सरासरी १,००० रुपये धरला. तीस हेक्टर म्हणजे तीन लाख चौरस मीटर, म्हणजे ३० कोटी रुपये. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार त्यावर तेवढेच दिलासा मूल्य द्यावे लागते, म्हणजे ६० कोटी. नगरपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न वर्षाला दीड कोटी असले, तर पगार, पथदिवे आणि पाणीपुरवठा यांवर एक पैसाही खर्च न करता ही जमीन घ्यायला चाळीस वर्षे लागतील. असा आराखडा मंजूर होतो, भिंतीवर लागतो, आणि ज्यांच्या जमिनी त्यात अडकल्या ते शेतकरी ना धड वावर विकू शकत ना त्यावर कर्ज काढू शकत. इकडे आरक्षण नसलेल्या शेजारच्या गटात विनापरवाना प्लॉट पडतात.

पैशाऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर (दुसऱ्याला विकता येणारा जादा बांधकामाचा हक्क), देण्याची सोय कायद्यात आहे आणि आपल्यालाही ती सुचवली जाईल. नागपूरसारख्या शहरात त्याला गिऱ्हाईक असते, कारण तेथे जागा महाग आहे आणि बिल्डरला जादा मजला चढवायचा असतो. जेथे तळमजल्यावर एक मजला चढवून लोक समाधानी असतात आणि परवानगीतलेच चटईक्षेत्र, म्हणजे सर्व मजल्यांचे मिळून बांधकाम, वापरून होत नाही, तेथे जादा बांधकामाचा हक्क विकत कोण घेणार? कागद खरा असतो, पण त्याला बाजार नसतो. ही गोष्ट नियमावली वाचून कळत नाही, अर्थशास्त्र वाचून कळते.

याहून बरा मार्ग जुनाच आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने देशात प्रथम नगररचना योजना आणली आणि १९६६ च्या कायद्यातही ती आहे. तीत एका पट्ट्यातील सर्व मालकांच्या जमिनी एकत्र धरतात, रस्ते, बगिचा, शाळा यांच्या जागा काढून घेतात आणि उरलेली जमीन आखीव भूखंडांच्या रूपात ज्याची त्याला परत देतात. क्षेत्र कमी होते, पण रस्त्याकाठचा भूखंड हातात येतो, आणि बगिच्याचा भार एकाच्या दोन एकरांवर न पडता सगळ्यांवर थोडाथोडा पडतो. अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा वळणरस्ता मुख्यतः अशाच योजनांच्या आधाराने झाला. महाराष्ट्रात, जेथे या पद्धतीचा पहिला कायदा झाला, तेथे ती अनेक वर्षे मागे पडली, याचे मला वैषम्य वाटते. आपल्या हरकतीत ‘या भागासाठी नगररचना योजना घ्यावी’ ही सूचना अवश्य लिहावी. शेजारच्या पाच-सहा मालकांनी तीच लिहिली तर तिला वजन येईल.

मुलाला मात्र शिकू द्यावे. आरक्षणाचा चटका बसलेल्या घरातून आलेला नगररचनाकार रेषा ओढताना दोनदा विचार करील.

प्रश्न : माझी चित्रकला वाईट आहे आणि गणित बेताचे आहे. तरी बी.प्लॅन. करता येईल काय? (बारावीचा विद्यार्थी, जि. वाशीम)

उत्तर : चित्रकलेची चिंता नको. बी.प्लॅन. या नियोजनाच्या चार वर्षांच्या पदवीसाठी जेईई मेन परीक्षेची २-बी ही प्रश्नपत्रिका असते आणि तीत गणित, अभियोग्यता चाचणी व नियोजनविषयक प्रश्न असतात. चित्रकला वास्तुशास्त्राच्या २-ए प्रश्नपत्रिकेत असते. गणित मात्र बेताचे ठेवून चालणार नाही, निदान टक्केवारी, सरासरी, आलेख आणि चक्रवाढ हे हाताखालचे असले पाहिजे. नकाशे आता संगणकावर होतात. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, साध्या लॅपटॉपवर चालते, आणि इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर आपल्या गावाचे उपग्रहचित्र पाहता येते. बारावीनंतरच्या सुटीत त्यावर स्वतःच्या गावाचा नकाशा करून पाहावा. कंटाळा आला, तर दुसरे क्षेत्र निवडावे.

प्रश्न : आलँ बेर्तो या फ्रेंच नगररचनाकाराचे नाव एका व्याख्यानात ऐकले. नगररचनाकार असून त्यांना अर्थतज्ज्ञ का म्हणतात, आणि त्यांच्यासारखी जागतिक कारकीर्द आपल्याकडील मुलांना शक्य आहे काय? (पदव्युत्तर विद्यार्थी, जि. अमरावती)

उत्तर : बेर्तो यांच्या कारकिर्दीतील आपल्या कामाची गोष्ट अशी, की तरुणपणी, १९६३ मध्ये, ते चंडीगडला काम करत होते, जेथे ल कॉर्ब्युझिए यांच्या आराखड्याप्रमाणे नवे शहर उभे राहत होते. कागदावर आधी सारे ठरवायचे आणि मग माणसांना त्यात बसवायचे, ही पद्धत त्यांनी अशी जवळून पाहिली. पुढे त्यांनी अल्जीरियातील त्लेमसेन, येमेनची राजधानी साना, हैतीतील पोर्ट-ओ-प्रिन्स, सान साल्वादोर, बँकॉक आणि न्यूयॉर्क अशा अगदी वेगवेगळ्या शहरांत काम केले. जागतिक बँकेत ते प्रमुख नगररचनाकार होते, तेथून १९९९ मध्ये निवृत्त झाले आणि नंतर न्यूयॉर्क विद्यापीठात संशोधन करू लागले.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : शहर हा प्रथम कामाचा बाजार आहे. माणसे शहरात येतात ती काम मिळावे म्हणून आणि कारखानदार येतो तो माणसे मिळावीत म्हणून. तेव्हा घरापासून कामापर्यंत किती वेळ लागतो आणि घराला उत्पन्नाचा किती वाटा जातो, या दोन गोष्टी नियोजनकाराने सतत मोजत राहिल्या पाहिजेत. जमिनीची किंमत ही त्याला मिळणारी खबर आहे, शत्रू नव्हे. याचे एक विलक्षण उदाहरण म्हणजे मॉस्को. बेर्तो आणि त्यांचे सहकारी बर्ट्रांड रेनो यांनी दाखवले, की बहुतेक शहरांत मध्यापासून दूर जाताना दाटी कमी होते, पण मॉस्कोत ती वाढत जाते. सोव्हिएत राजवटीत जमिनीला किंमतच नव्हती, त्यामुळे मध्यावरचे जुने कारखाने हलले नाहीत आणि नवे मजूर लांबच्या उंच इमारतींत राहायला गेले. वर दारव्ह्याच्या उत्तरात सांगितलेला भाड्याचा उतार पुसून टाकला की शहराचे असे होते.

मुंबईविषयी त्यांचे मत वादग्रस्त ठरले. १९९१ च्या नियमांनी मुंबई बेटावर चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते तो आकडा) १.३३ आणि उपनगरांत १ ठरवला होता. इतक्या मोठ्या शहराला तो फार कमी असून त्यामुळेच घरे महागतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी एक असलेले अभियंता शिरीष पटेल यांनी याच्या उलट बाजू मांडली, की निर्देशांक वाढवला म्हणून रस्ते, मैदाने आणि गटारे वाढत नाहीत आणि दाटी तेवढी वाढते. माझ्या मते दोघांचे वाचन एकत्र केल्याशिवाय या वादात पडू नये. आपल्या तालुक्याच्या गावांत तर निर्देशांकाचा प्रश्न जवळजवळ नाहीच. तेथे रस्त्याची रुंदी हा प्रश्न आहे.

कारकीर्द शक्य आहे काय, याला उत्तर एवढेच, की त्यांचे नाव झाले ते परदेशामुळे नव्हे. प्रत्येक ठिकाणी त्यांनी किमती, दाटी आणि प्रवासाचा वेळ यांची एकाच पद्धतीने नोंद केली आणि म्हणून शहरांची तुलना करता आली. पुसद, वणी, हिंगणघाट, अचलपूर आणि कारंजा या पाच गावांची अशी एकाच मापाने नोंद तुम्ही केली, तर ती वाचायला परदेशातले लोकही तयार होतील.

प्रश्न : मी चामोर्शी तालुक्यात शिक्षक आहे. आमच्या जिल्ह्यात मुळात शहरेच कमी. येथील मुलांना नगररचना हे क्षेत्र सुचवावे काय, आणि नोकऱ्या कोठे मिळतात? (एक शिक्षक, जि. गडचिरोली)

उत्तर : गुरुजी, अवश्य सुचवावे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची सुमारे ४५ टक्के लोकसंख्या शहरी होती आणि गडचिरोली जिल्ह्याची ११ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडील शहरे अजून व्हायची आहेत. देशभरात जनगणनेने शहर म्हणून मोजलेली, पण नगरपालिका नसलेली गावे २००१ मध्ये १,३६२ होती, ती २०११ मध्ये ३,८९४ झाली. या जनगणना शहराची कसोटी तीन अंगांची आहे : किमान ५,००० लोकवस्ती, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. आपल्याकडे २०१४ मध्ये तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करण्याचा निर्णय झाला आणि त्या प्रत्येकीला विकास योजना लागते. कामाचा तुटवडा नाही, ते करणाऱ्या माणसांचा आहे.

नोकऱ्यांपुरते सांगायचे तर राज्याचा नगर रचना आणि मूल्यनिर्धारण विभाग हा सर्वांत जुना आणि मोठा दरवाजा आहे. तो १९१४ पासून आहे, त्याचे मुख्यालय पुण्यात असून जिल्ह्यांत शाखा कार्यालये आहेत. या नावातील ‘मूल्यनिर्धारण’ या शब्दाकडे मुलांचे लक्ष वेधावे; जमिनीचे मोल ठरवणे हे या खात्याचे पहिल्यापासूनचे काम आहे. नगररचनाकार व सहायक नगररचनाकार ही पदे लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात आणि रचना सहायकांची भरती विभाग स्वतः जाहिरात देऊन करतो. त्याशिवाय महानगरपालिका, १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेली नागपूर सुधार प्रन्यास, २०१७ पासूनचे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, समृद्धी महामार्गालगतच्या नवनगरांचे काम पाहणारे रस्ते विकास महामंडळ, खासगी सल्लागार कंपन्या आणि बँकांसाठी मूल्यांकन करणारे व्यावसायिक हे आहेत. अर्थशास्त्राकडून येणाऱ्यांसाठी दिल्लीची राष्ट्रीय नगर कार्य संस्था आणि विद्यापीठांतील संशोधन प्रकल्प ही ठिकाणे अधिक जवळची. पूर्णवेळ महाविद्यालयात जाता येणार नसेल, तर १९५१ मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया या संस्थेची सहसदस्यत्वाची परीक्षा आहे. नागपूरच्या व्हीएनआयटीत नगर नियोजनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, त्यामुळे घरापासून फार दूर न जाता शिकायची सोय विदर्भातच आहे.

आपल्या विद्यार्थ्यांजवळ एक भांडवल आधीच आहे, आणि ते त्यांना ठाऊक नसते. पुणे-मुंबईकडून आलेला नवा अधिकारी विदर्भात रुजू झाला की महिनोनमहिने आखीव पत्रिका, नझूल शीट, निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज आणि भोगवटादार वर्ग-२ अशा जमिनीच्या नोंदींत आणि धारणाप्रकारांत चाचपडतो. नझूलच्या, म्हणजे शासनाच्या मालकीच्या, जागेवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबाला कर्ज का मिळत नाही, पांदण, म्हणजे वावरात जाणारी वाट, नकाशात दिसते आणि जागेवर का दिसत नाही, गावठाणाबाहेर पहिले घर कोणाचे पडले आणि का, हे खेड्यातल्या मुलाने लहानपणापासून पाहिलेले असते. नकाशाला जमिनीचा खरा हिशेब याच माहितीने मिळतो.

नववी-दहावीच्या मुलांसाठी शाळेत करता येण्याजोगा एक उपक्रम सुचवतो. गाव नकाशाची एक मोठी प्रत मिळवावी, पाचपाच मुलांना एकेक गल्ली वाटून द्यावी आणि प्रत्येक इमारतीचा वापर रंगवायला सांगावे : निवासी पिवळा, दुकान निळा, कारखाना जांभळा, शाळा-दवाखाना-कार्यालय लाल. एखादे घर असे येईल, की समोर पिठाची गिरणी आहे, मागे कुटुंब राहते आणि वरच्या खोलीत शिकवणी चालते. मुले भांडतील, की याला कोणता रंग द्यायचा. त्यांना भांडू द्यावे आणि मग प्रत्येक गटाला लिहायला लावावे, की हे घर पूर्ण पिवळे रंगवले तर गिरणीवाल्याचे काय होईल. रंगवलेला नकाशा आणि ही टिपणे तालुक्याच्या नगरपंचायतीतील मुख्याधिकाऱ्यांना दाखवायला मुलांना घेऊन जावे. सुटीचा दिवस टाळावा आणि आधी पत्र देऊन वेळ ठरवावी.